फोम बसलाच नाही

आमच्या भाऊजींना बाजारात सगळे भिंगरी म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. वाटायला माणूस एका जागी थांबावा तरी लागतो ना! चहा उभ्याने, जेवण अर्धं उभ्याने, फोनवर बोलायचं तर दुकानाच्या दारापासून कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत आणि परत. मी या घरात आले तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलं होतं, आता कानशिलं पांढरी झाली, पण "बसा की हो जरा, भाऊजी" असं मी म्हटलं नाही असा दिवस आठवत नाही. आणि धंदा काय, तर सीटचा! स्कूटरच्या सीट, रिक्षाच्या सीट, दवाखान्यातल्या बाकड्यांच्या गाद्या. अख्ख्या गावाच्या बुडाखाली आम्ही मऊ घालतो आणि आमचाच माणूस बूड टेकत नाही.

दुकान लांबोडकं आहे. पुढे काउंटरवर आमचे हे बसतात. बसतात म्हणजे तेवढंच त्यांना जमतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत माळ्यावरून रेक्झिनचा ताका काढताना शिडी सरकली आणि यांच्या पाठीचं वाटोळं झालं. भाऊजी तेव्हा तळ्यावर लाँच चालवायचे, या काठाची माणसं त्या काठाला न्यायचे. निरोप मिळाला तसे अंगावरच्या कपड्यांनिशी आले. "दादा उठून बसेपर्यंत थांबतो," म्हणाले, लाँचवाल्यालाही तसंच सांगून आले होते. हे उठून बसले. पण बसलेच. उभं राहून कापणं, रेक्झिन ताणून पिना मारणं, ते यांना पुन्हा कधी झालं नाही. मग भाऊजी थांबले ते थांबलेच. लग्नही केलं नाही. एक मुलगी मी पसंत केली होती, चांगली होती, पण ती म्हणाली, "हा माणूस माझ्याशी बोलताना सारखा दाराकडे बघतो." मला तेव्हा तिचा राग आला होता. खोटं काय बोलली बिचारी?

माझं काम उसवायचं. जुनी सीट आली की पिना उपटायच्या, टाके कापायचे, कव्हर सोलून फोम मोकळा करायचा. आणि फोम मोकळा झाला की तो बोलायला लागतो. कुठे किती बसलाय ते बघायचं. आमच्याकडे फोम "बसतो", म्हणजे दबतो आणि परत वर येत नाही. डावीकडे जास्त बसला असेल तर माणूस मागच्या खिशात जाडजूड पाकीट ठेवतो. पुढचा भाग बसलाय आणि मागचा कोरा, म्हणजे बायको याच्या मागे बसत नाही. एकदा एका गृहस्थाच्या स्कूटरचा मागचा फोम चांगला खोल बसलेला निघाला आणि त्याची बायको काउंटरवर म्हणाली, "मी तर रिक्षानेच फिरते." आमच्या यांनी घाईघाईने रेडिओचा आवाज मोठा केला. तर सांगायचं काय, की सीट बघून गाडी किती चाललीय, कशी चाललीय हे आम्ही सांगतो आणि ते चुकत नाही. बाजारात जुनी स्कूटर घेणारे आधी भाऊजींना सीट दाबून बघायला बोलावतात.

अशात एक दिवस ती सीट आली.

लांब, मधे निमुळती, निळ्या रेक्झिनची, उन्हाने तडकून चिंध्या झालेली. आणणारा तळ्याकाठच्या हॉटेलचा मालक. गोड बोलणारा माणूस, कुत्र्यालासुद्धा "बॉस" म्हणेल. "बॉस, वॉटर स्कूटरची आहे. जुनी आहे, विकून टाकायचीय. फाटक्या सीटकडे बघून गिऱ्हाईक पळतं, म्हणून म्हटलं आधी हे करून घ्यावं."

मी उसवली. भाऊजींनी फोमवर अंगठा दाबला. दाबला, सोडला. परत दाबला. मग सीट उचलून दारात उजेडात नेली आणि तळहाताने पुढून मागे चाचपली.

"वहिनी, हा बसलाच नाहीये गं."

मीही दाबून बघितला. खरंच. अंगठा काढला की टुणकन वर. कव्हरच्या चिंध्या आणि आत फोम नवाकोरा!

"चालवली आहे की नाही कुणी?" भाऊजींनी विचारलं.

"घरची गाडी, बॉस," मालक म्हणाला. "कधीमधी आम्हीच." आणि मग जाता जाता, सहज बोलल्यासारखं, "तुम्ही पूर्वी तळ्यावर होतात ना? घ्या की तुम्हीच. धक्क्यावर जागा देतो, लोकांना फेऱ्या मारा. बोटी ठेवायच्या शेडला लागून एक खोलीपण आहे, राहा तिथेच."

झालं. तो गेला आणि आमच्या घराची झोप, भूक, शांतता सगळं बरोबर घेऊन गेला.

घेऊ की नको, घेऊ की नको. सकाळी उठल्यावर "घेतोच." दात घासून होईपर्यंत "नकोच, कशाला नसती उठाठेव." दुपारी कातरी खाली ठेवून कुणाला न सांगता गायब, संध्याकाळी उगवतात तर केसात वारा भरलेला आणि बुटांना चिखल. तळ्यावर जाऊन नुसती बघून आलेले. तळं काही इथे कोपऱ्यावर नाही, रोज जाऊन येण्यासारखं मुळीच नाही. पैशांचा प्रश्न नव्हता, भाऊजींना खर्च करायला सवड कधी मिळालीय! प्रश्न दुसराच होता आणि तो आम्ही तिघंही बोलत नव्हतो. मशीन घेतलं तर भाऊजी जाणार. ती खोली, तो धक्का, ते पाणी. आणि परत काही यायचे नाहीत.

मला ते नको होतं. आडपडदा कशाला ठेवू? नकोच होतं. दुकान कोण बघणार, यांना जिना कोण चढवणार, हे सगळं खरं, पण त्यापेक्षाही, या घरात पहिल्या दिवसापासून माझ्याशी माणसासारखं बोललेलं ते एकच माणूस. हे चांगले आहेत, पण यांना बोलायचं म्हणजे रेडिओतली बॅटरी खर्च होते असं वाटतं. म्हणून मी आठवडाभर खुसपटं काढत बसले.

"बुडाली म्हणजे?"

"लाइफ जॅकेट असतं वहिनी."

"आणि जॅकेट फाटलं म्हणजे?"

"शिवायला तू आहेस की."

"जुनं मशीन म्हणजे डोक्याला ताप. आज हे गेलं, उद्या ते गेलं."

"अगं पण फोम बघितलास ना तू! तूच उसवलास. बसलाय का? सांग, बसलाय?"

इथे मी भाजी निवडायला घ्यायचे. कारण नव्हता बसला.

शेवटी भाऊजी मशीन दाखवायला त्यांच्या मित्राला घेऊन गेले. तो इंजिनचं काम करतो, लाँचपासूनची ओळख. त्याने सगळं उघडून बघितलं आणि दुकानात येऊन आमच्यासमोर सांगितलं, "हे बघ भिंगरी, चालू होतंय. आवाज ठीक आहे. पण किती तास चाललंय ते दाखवणारा मीटर बंद आहे, आणि या जातीचं इंजिन किती चाललंय यावरच सगळा खेळ. कमी चाललेलं असेल तर डोळे मिटून घे, तुला दहा वर्षं बघायला नको. भाड्यावर पिदडलेलं असेल तर हात लावू नकोस, ऐन सीझनला बसेल आणि दुरुस्तीला लागेल त्यात दुसरं येईल. बाहेरून सांगता येत नाही. तो म्हणतो घरचं आहे. तुझा विश्वास बसतो का बघ."

"त्याच्यावर कशाला विश्वास ठेवू?" भाऊजी म्हणाले. त्यांनी सीटवर थाप मारली. "ही आहे ना माझ्यासमोर."

मित्राने खांदे उडवले. यांनी रेडिओ लावला. मी आत जाऊन दूध उतू घालवलं.

सीट मीच शिवली. म्हणजे भाऊजींनी कापली, पण त्या दिवसांत त्यांचं लक्ष असं तळ्यावर होतं की सरळ टीप मारणं त्यांना जमेना, आणि मीही एक पट्टी उलटी जोडून परत उसवली. जाडजूड निळं रेक्झिन, पाणी न शोषणारा दोरा, शिवणीवर सोल्युशनचा हात. मला नको असलेली गोष्ट मी इतकी झकास शिवून ठेवली, काय म्हणावं! मग सीट बसवायची आणि पाण्यात फेरी मारून बघायची, पटलं तर तिथेच व्यवहार, असं ठरलं. "मीपण येते," मी म्हटलं. "माझी शिवण आहे, बसवताना ताण आला तर?" भाऊजी हसले. त्यांना कळलं होतं मी कशाला येतेय ते.

टेम्पोत ती सीट मांडीवर घेऊन बसले. भाऊजी चालवत होते आणि एवढं बोलत होते, एवढं बोलत होते. खोलीला खिडकी पाण्याकडे आहे. दादाला उन्हाळ्यात घेऊन ये. दुकानाला कारागीर बघून ठेवलाय. मग अचानक, "वहिनी, तू रागावलीस का?" मी म्हटलं, "रस्त्याकडे बघा."

तळ्यावर वारा होता. मोठं तळं, दुसरा काठ पुसट दिसणारं, आणि पाण्यावर आखूड आखूड लाटा. मशीन धक्क्याला बांधलेलं, पुढून टोकदार, रंग उडालेलं. दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या खोलगट जागा, त्यात रबरी मॅट. मी त्याच मॅटवर एक पाय देऊन सीट जागेवर सरकवली, खटका बसला, शिवण ताणली नाही. सीटवरून हात फिरवला. आम्ही सीटवाले, आमची नजर सीटपाशी सुरू होते आणि सीटपाशी संपते.

भाऊजींनी जॅकेट चढवलं, इंजिन बंद पाडणारी दोरी मनगटात अडकवली आणि गेले.

काय सांगू! मी या माणसाला उभं आयुष्य बघितलंय, पण त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मशीन लाटांवरून उडत होतं, आदळत होतं, आणि भाऊजी त्यावर गुडघ्यात किंचित वाकून उभे. चेहरा शांत. डोकं हलत नाही, नजर भिरभिरत नाही, बोटांचा चाळा नाही. खालचं सगळं धावतंय आणि वरचा माणूस स्थिर. म्हटलं मर गं बाई, तू याला दुकानात कोंडून ठेवणार होतीस?

"मस्त चालवतात, बॉस," मालक म्हणाला. "बसत नाहीत ते बरं. नवखे बसतात आणि पाठ धरून येतात. या वाऱ्यात लाटेवर बसलं की मणका खिळखिळा होतो. आम्ही सगळ्यांना आधीच सांगतो, उभं राहा म्हणून."

मी हसून मान डोलावली. आणि मग माझी मान थांबली.

सगळ्यांना?

त्याच्याकडे न बघता मी पाण्याकडे बघत राहिले. भाऊजी लांब वळण घेऊन परत येत होते, अजून उभेच. सीटला त्यांचं बूड एकदाही लागलं नव्हतं. कुणाचं लागत असणार? या तळ्यावर यावर कुणी बसतच नाही. मग फोम कशाने बसेल?

त्यांनी मशीन धक्क्याला लावलं. ओले चिंब, हसताहेत, आणि उडी मारून वर आले. "वहिनी, घेतली मी!" मालकाने हात पुढे केला. मी धक्क्याच्या कडेला गुडघे टेकून खाली वाकले आणि पाय ठेवायच्या जागेत हात घातला. मॅटला खाचा असतात, पाय घसरू नये म्हणून. मागे होत्या. पुढे, जिथे उभ्या माणसाच्या टाचा येतात, तिथे काहीच नव्हतं. माझ्या घरच्या फरशीइतकं गुळगुळीत. एका टोकाला मॅट सुटली होती, ती उचलली. खाली आणखी एक मॅट होती, आधीची. तीही टाचांपाशी गुळगुळीत.

आता गंमत बघा. आठवडाभर मी खोट शोधत होते. देवाकडे मागत होते म्हणा ना, की एक खोट सापडू दे. सापडली, अन् मला ती गिळून टाकावीशी वाटली. वर तो माणूस उभा, आयुष्यात पहिल्यांदा एका जागी उभा, आणि मी सांगितलं तर त्याला वाटणार, वहिनीला मी जायला नकोय म्हणून काहीतरी काढलं. आणि तेही खोटं नव्हतं ना! पण नाही सांगितलं, अन् ऐन सीझनला ते बसलं, तर? त्या खोलीत, त्या खिडकीत, बंद मशीनसमोर? मला स्वतःचा, त्या मालकाचा, त्या तळ्याचा, सगळ्यांचा संताप आला.

"भाऊजी," मी म्हटलं, "तुम्ही बसला होता का?"

"कुठे?"

"सीटवर. आत्ता, पाण्यात."

"छे, बसतंय कोण या लाटांत..." आणि ते थांबले.

मला पुढे काही बोलावं लागलं नाही. आमच्याच धंद्यातला माणूस. मालकाचा पुढे आलेला हात तसाच राहिला. भाऊजी माझ्या बाजूला खाली वाकले, मॅटवर अंगठा फिरवला, मग खालच्या मॅटवर. सीटवर फिरवला होता अगदी तसाच, पुढून मागे.

"भाड्याने फिरवलीत," ते मालकाला म्हणाले. प्रश्न नव्हता.

"थोडीफार, बॉस. सीझनला. सगळेच फिरवतात." तो जराही ओशाळला नाही. "पण सीट बघा ना, कशी आहे."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. भाऊजींनीच मला दंडाला धरून टेम्पोपाशी आणलं.

परतीच्या वाटेवर ते रस्त्याकडे बघून, दोन्ही हात चाकावर ठेवून, अगदी नीट चालवत होते. मी म्हटलं, "अहो, मी मुद्दाम नाही काढलं." ते म्हणाले, "माहीत आहे गं." मला वाटलं घरी जाऊन फेऱ्या मारतील, दार आपटतील, कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत जाऊन येतील. मी तयारीत होते.

दुकानाच्या मागच्या खोलीत दाराशी त्यांची एक खुर्ची आहे. ती मी केलीय, या घरात आल्यावर पहिली जी गादी शिवली ती तिची. चांगला जाड फोम घातला होता, म्हटलं धाकट्या दिराला कौतुक वाटेल. त्या खुर्चीवर भाऊजींचा शर्ट बसतो, पिशवी बसते, शेजारची मांजर बसते. भाऊजी नाही.

त्या दिवशी ते आत आले आणि त्या खुर्चीत बसले.

नुसते बसले. पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून. मी चहा दिला तो बसून प्यायले. कप खाली ठेवला आणि बसूनच राहिले. पाय हलेना, बोट हलेना. इतकी वर्षं ज्यासाठी मी घसा कोरडा केला ते माझ्यासमोर घडत होतं, आणि मला ते बघवेना. मी पुढे दुकानात पळाले.

"काय झालं?" यांनी विचारलं.

"बसले."

"इंजिन?"

"नाही हो. भाऊजी."

यांनी हात लांब करून रेडिओ बंद केला. आत बघितलं, दारातून त्यांचे नुसते गुडघे दिसत होते. मग हे म्हणाले, "तो म्हणाला होता, दादा उठून बसेपर्यंत थांबतो. मी बसलो त्याला किती वर्षं झाली. त्याला आता जा म्हणून आपल्यापैकी कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही का नाही सांगितलंत?" मी फाडकन विचारलं.

"तू का नाही सांगितलंस?"

मी डोळे पुसले, पदर खोचला आणि आत गेले. भाऊजी तसेच बसलेले. मी खुर्चीच्या गादीकडे बघितलं. इतकी वर्षं घरात असून तिला एक सुरकुती नव्हती. कुणी उसवून बघितली असती तर म्हणाला असता, हा माणूस इथे राहिलाच नाही. आणि आम्ही तर त्याला पिदडून काढलं होतं.

"उठा भाऊजी," मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलं. "आज तरी बसू दे की गं. रोज बसा बसा म्हणून डोकं खातेस."

"आता उठा म्हणून खातेय. उठा. फोम बसेल."

ते हसले, म्हणजे तोंड जरा वाकडं झालं. "उठून जाऊ कुठे?"

"जगात ते एकच मशीन होतं का? तुमच्या मित्राला फोन लावा. दुसरं कुठे आहे विचारा. मी येते बघायला. या वेळी आधी पाय ठेवायची जागा बघायची, सीट मग."

ते माझ्याकडे बघत राहिले. दाराकडे नाही, माझ्याकडे.

"आणि मी गेलो तर तुला चालेल, वहिनी?"

"नाही चालणार," मी म्हटलं. "उठा."